गुलाबी नळी

आमचे हे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. डबा घरीच विसरले म्हणून मी द्यायला गेले, तर प्रयोगशाळेचे पडदे ओढलेले आणि हे एका काचेच्या नळीसमोर बसून, हळूहळू बटण फिरवत पुटपुटत होते, "ये गं, ये." हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. नळीतली बहुतेक हवा पंपाने काढून घेतली होती. उरलेल्या चिमूटभर हवेवर विजेचा दाब चढत होता, तरी काही होईना. मग एकदम ती आतून गुलाबी उजळली. लाजल्यासारखी, मेली!

"पेटायला हिला भरपूर व्होल्टेज लागतं," हे म्हणाले. "एकदा पेटली की कमी केलं तरी चालतं."

ही गोष्ट मला नवीन नव्हती. माझ्या होकारासाठी भर उन्हात आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे ते हेच. मी डबा टेबलावर आदळला. "किती कमी केलं तरी?"

प्रश्न त्यांना आवडला. बटण उलटं फिरू लागलं. उजेड आक्रसला, पण राहिला. अजून कमी केलं, तरी राहिला. सोशिक आहे बिचारी, असं मनात म्हणते तोच ती विझली, काही न सांगता.

"आता?"

"आता पुन्हा पहिल्याइतकं द्यायचं!" हे खुर्ची पुढे ओढून आनंदाने बसले. डब्याकडे पाहिलंही नाही. "ये गं..."

नशीबवान आहेस बाई. तू विझलीस, ते त्यांना कळलं तरी.