लिफ्टवाल्या काकांचं अडखळणं

लिफ्टवाले काका तोतरे आहेत, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या ऑफिसात तो शब्द सगळ्यांनी टाळला आणि टाळता टाळताच सगळा घोळ झाला.

आमचं पॉडकास्ट नेटवर्क एका पाच मजली इमारतीत अगदी वर आहे. दोन खोल्या. एकीत टेबलं, दुसरीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेला स्टुडिओ. आम्ही जाहिराती घेत नाही. चारेक हजार श्रोते दर महिन्याला जमेल तेवढं पाठवतात, त्यावर नऊ कार्यक्रम चालतात. मी तिथली ध्वनिसंपादक. लोक बोलतात, आणि मी त्यातलं खोकणं, खुर्चीचं करकरणं, मध्येच वाजलेला फोन काढून टाकते.

तीन वर्षांपूर्वी मी आमच्याच लिफ्टमध्ये अडकले. दिवे गेलेले. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "घा-घा-घाबरू नका. मी दा-दाराशीच आहे."

पुढची चाळीस मिनिटं तो माणूस हात चालवता चालवता बोलत राहिला. लिफ्ट पडत का नाही, तिला दोर किती असतात, आत हवा कुठून येते. एकेक शब्द सुटायला वेळ लागायचा, आणि तो कधी सुटतो याकडे कान लावून बसण्यात मी घाबरायचंच विसरले. दार उघडलं तर समोर पन्नाशी उलटलेला, ग्रीसने माखलेल्या हातांचा लिफ्टचा मेकॅनिक.

"काका, हे सगळं माइकसमोर सांगाल?"

"थ-थट्टा करताय का?"

थट्टा नव्हती. तेहतीस वर्षांत त्यांनी शेकडो माणसं बाहेर काढली होती. भांडत आत शिरलेलं आणि दीड तासाने एकमेकांचा हात धरून बाहेर पडलेलं जोडपं. अंधारात सहा डोळसांना धीर देणारा एक आंधळा प्रवासी. काकांचा कार्यक्रम सुरू झाला आणि लोक त्याची वाट बघू लागले.

या माणसाला उभ्या आयुष्यात कुणी बोलूच दिलं नव्हतं. शाळेत हजेरीला "हजर" म्हणायला वेळ लागायचा, म्हणून मास्तरांनी सांगितलं, तू नुसता हात वर कर. दहावीपर्यंत ते हात वर करत राहिले. मुलगी बघायला गेले तेव्हा सगळी उत्तरं वडिलांनीच दिली.

"मला वाटलं, मुलगा मुका आहे," काकू सांगतात. "म्हटलं, बरंय, उलटून तरी बोलणार नाही." काका यावर दरवेळी हसतात.

मग आमच्याकडे एक सल्लागार आला. श्रोते वाढवायचे म्हणून दादांनी, म्हणजे आमच्या संस्थापकांनी, त्याला आणलं होतं. त्याने पडद्यावर आलेख दाखवला. काकांच्या कार्यक्रमातून नवे श्रोते तिसऱ्या मिनिटाला उठून जातात. "गोष्टी सोन्यासारख्या आहेत," तो म्हणाला, "बोलणं तेवढं साफ करा." त्यासाठी एक सॉफ्टवेअरही होतं. बटण दाबलं की अडखळणं गायब, तुटलेले शब्द आपोआप सांधलेले.

"काकांना विचारलंत?" मी दादांना म्हटलं.

"अगं, त्यांना वाईट वाटेल. कशाला दुखवायचं?"

मी बटण दाबलं. वर स्वतःची समजूतही घातली, की आपण खोकणं काढतो तसंच हे. अडतीस मिनिटांचा भाग सत्तावीस मिनिटांवर आला. काका आता बँकेच्या फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" सांगणाऱ्यासारखे गुळगुळीत बोलत होते. दादा खूश झाले. मी तो भाग पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कामाच्या कपड्यांतच आले. बरोबर काकू.

"मी भाजी चिरत ऐकत होते," काकू म्हणाल्या. "ह्यांना हाक मारून विचारलं, अहो, तुमच्या जागी आज कोण आलंय? तीस वर्षं संसार केला, आणि नवऱ्याचा आवाज मला ओळखू येऊ नये?"

दादा उठून उभे राहिले. "काका, तुमच्या भल्यासाठीच केलं हो. लोकांना ऐकायला सोपं जावं..."

"को-को-कोण लोक?"

दादा आलेखाबद्दल सांगू लागले. काकू पुन्हा बोलणार, तोच काकांनी हात आडवा केला. मग त्यांना शब्द सापडेना. जबडा थरथरत होता, मान ताठ झाली होती. तिथेच बसलेला सल्लागार मदत करायला म्हणून मध्येच म्हणाला, "तुम्हाला म्हणायचंय की तुमचा अपमान झाला?"

काका त्याच्याकडे वळले. इतकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"माझं वा-वाक्य मी पुरं करीन! मा-मास्तरांनी हात वर करायला लावला. बा-बापाने माझं लग्न ठरवलं, मी ग-गप्प बसलो. इथे मला वाटलं, माझं ऐकतात. आणि तुम्ही मला न वि-विचारता माझ्या तों-तोंडात दुसऱ्याची जीभ बसवली? भ-भलं म्हणे!"

मी म्हटलं, "काका, बटण मी दाबलं." ते म्हणाले, "तू त-तर लिफ्टमध्ये ऐकलं होतंस." एवढंच. मी आजवर खाल्लेल्या कुठल्याच शिव्या इतक्या लागल्या नाहीत.

त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. तो भाग काढायचा. मूळ भाग लावायचा. आणि काय झालं ते काका स्वतः सांगणार, एकही क्षण न कापता. दादांनी आढेवेढे घेतले. नेटवर्कची नाचक्की होईल, श्रोते पैसे थांबवतील. मग मात्र माझाही आवाज चढला. म्हटलं, "आपण जाहिरातवाले शेठजी नको म्हणून श्रोत्यांकडे गेलो ना? मग श्रोत्यांपासूनच काय लपवताय?"

काका नऊ मिनिटं बोलले. एका जागी सोळा सेकंद नुसती शांतता आहे, एका शब्दासाठी. मी ती तशीच ठेवली. साठेक श्रोत्यांनी नेटवर्क सोडलं, काहींनी चिडून तसं कळवलंही. एका बाईंनी लिहिलं की तो भाग ऐकून त्यांच्या अडखळत बोलणाऱ्या मुलीने वर्गात पहिल्यांदाच उभं राहून प्रश्न विचारला, आणि पूर्ण होईपर्यंत ती खाली बसली नाही.

सल्लागार आता दुसऱ्या, मोठ्या नेटवर्ककडे आहे आणि तिथेही हेच विकतो.

काका येतात. पण प्रत्येक भाग बाहेर जाण्याआधी माझ्या शेजारी बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतात. तो हक्क त्यांचा आहे, आणि तशी वेळ मीच आणली.

विचारल्याशिवाय कुणाचंही बोलणं बदलणार नाही, असा कागद आम्ही केला. दादांना तो हातात धरून काकांबरोबर फोटो काढायचा होता, नेटवर्कच्या पानावर टाकायला.

"फो-फोटो कशाला?" काकांनी खिशातलं पेन पुढे केलं. "स-सही करा."