पंधराशे, बावीसशे आणि मामाजींचा पट

मी निर्णय पटकन घेतो. अडचण एवढीच की, दुपारपर्यंत दुसराही घेतो.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. चामोर्शीतून तिची बदली भामरागडच्याही पलीकडच्या एका आरोग्य केंद्रात होणार, हे मार्चमध्येच कानावर आलं होतं. ती रडली नाही, चिडली नाही. भाजी फोडणीला टाकता टाकता म्हणाली, "सोमवारी सकाळी तिथी पोचाचं अन् शनिवारी घरी याचं. पावसाळ्यात बसच्या भरवशावर ते होनार नाई. मले गाडी पाहिजे. उंच चाकांची."

"घेऊ की!" मी म्हणालो. पहिला निर्णय तिथेच झाला. (तो आजही कायम आहे. माझ्या आयुष्यातला विक्रम!)

गाडी कोणती, यावरही फार वाद झाला नाही. चंद्रपूरच्या शोरूममधली एक एसयूव्ही दोघांनाही आवडली. घोळ पुढे होता. तीच गाडी दोन इंजिनांत मिळत होती, लहान पंधराशे सीसीचं आणि मोठं बावीसशे सीसीचं. आता हा प्रश्न एखाद्या साध्या माणसापुढे आला असता, तर त्याने नाणं उडवलं असतं. पण मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो!

पहिल्या शनिवारी लहान इंजिनाची गाडी चालवून पाहिली. खाली उतरलो आणि विक्रेत्याला, पंकजला, म्हणालो, "बस. हीच!" पंकज दोन लेकरांचा बाप, गरीब स्वभावाचा माणूस. त्याने लगेच पेढा दिला. परतताना मूलजवळ आमच्या एसटीने एका ट्रकला ओव्हरटेक केलं आणि मी विचारात पडलो. आलापल्लीच्या पुढे, चढावर, भरल्या गाडीने सुनंदाला असं ओव्हरटेक करता येईल का? पुढच्या शनिवारी मोठं इंजिन चालवलं. "बस. हीच!" पुन्हा पेढा. घरी आल्यावर वाटलं, एवढी जड गाडी चिखलात फसली तर? आणि डिझेल किती पिईल? तिसऱ्या शनिवारी पुन्हा लहान. चौथ्या वेळेपासून पंकजने पेढे बंद केले.

मला चैन पडेना. स्टाफरूममध्ये भेटेल त्याला विचारायचो. एक म्हणाला, "सर, मोठंच घ्या, गाडी वारंवार घेनं होत नाई." दुसरा म्हणाला, "लहानच घ्या, दुरुस्ती कमी." मी दोघांशीही पूर्ण सहमत झालो. वर्गात दोलक शिकवायचा होता, त्या दिवशी फळ्यावर दोन्ही इंजिनांच्या टॉर्कचे आलेख काढून बसलो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे परीक्षेले येते का जी?" घरी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचो. जेवताना उठायचो, आंघोळीतून ओरडायचो, "सुनंदा! मोठंच!" आणि अंग पुसेपर्यंत "थांब जरा!"

"बसा नं एका जागी!" ती म्हणायची. "तुमचं पाहून मले गरगरते."

एप्रिल गेला, मे गेला, तेंदूपत्त्याचा हंगाम संपला. जूनमध्ये बदलीचा कागद हातात आला. एक जुलैला रुजू व्हायचं. सुनंदाने तो माझ्यासमोर ठेवला.

"ऐका आता. पहिल्याच दिवशी मी उशिरा गेली, तं तिथले लोक म्हनतीन, आली आनखी एक, महिन्यातून चार दिस दिसनारी. मले तसं नाव लावून घ्याचं नाई. एक तारखेले मी टायमावर तिथी पाहिजे, आपल्या गाडीनं. समजलं का?"

समजलं होतं हो! म्हणून तर आणखी घाबरलो. आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. सासऱ्यांना फोन केला.

माझे सासरे, मामाजी, सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात असतात. धानाची शेती करतात, पण खरा जीव शंकरपटात. आमच्याकडे हिवाळ्यात बैलजोड्यांची शर्यत भरते, तिला शंकरपट म्हणतात. मोकळ्या रानात शेजारी शेजारी दोन लांब पट्टे असतात, एकेकावर एकेक जोडी सोडायची. पंचक्रोशीत कोणाला बैल घ्यायचा झाला तर तो आधी मामाजींना दाखवतो.

"जवाईबुवा, दोनी गाड्या घेऊन इथी या," मामाजी म्हणाले. "मी पाहून देतो."

"मामाजी, गाडीले बैल नसतात."

"असतात. दिसत नाईत, एवढंच! तो विकनारा का म्हनते? हॉर्सपावर म्हनते नं? म्हंजे आत घोडे हायेत. मंग जनावर पाहानाऱ्यालेच इचारा लागन. गोठ्यात उभी जोडी पाहून कोनी घेते का? अन् रिकाम्या बैलबंडीले जुंपली तं बकरी बी पळते!"

तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून मला या युक्तिवादात एकही चूक सापडली नाही. मी अकराव्यांदा शोरूममध्ये गेलो आणि दोन्ही गाड्या सिंदेवाहीला न्यायच्या म्हणालो. पंकज नाही म्हणणार होता, तेवढ्यात मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले. माझ्याकडे पाहून त्यांनी हात जोडले. "न्या सर. दोन्ही न्या. पंकजलेबी न्या. पन ठरवूनच वापस या."

रविवारी आमची वरात निघाली. मोठी गाडी मी चालवत होतो, लहान गाडीत पंकज आणि सुनंदा. गावात पोचलो तर मामाजी पांढरंशुभ्र धोतर नेसून तयार! त्यांनी दोन्ही गाड्यांना फेरी मारली, चाकं दाबली, पुढच्या जाळीत वाकून पाहिलं आणि पंकजला विचारलं, "याचे दात कुठी पाहाचे?"

मग ते पायलीचा हिशेब लावल्यासारखे गंभीर झाले आणि पोती आणायला सांगितली. मोठ्या गाडीत धानाची आठ पोती, लहान गाडीत चार.

"मामाजी, प्रयोगात दोन्हीकडं वजन सारखं पाहिजे," मी म्हणालो.

"प्रयोग तुमचा कॉलेजात. तगडा बैल म्हनून जास्त पैसे मांगते नं तो? मंग जास्त ओढून दाखवन!"

तोवर पटाचं रान माणसांनी भरलं होतं. मोठ्या गाडीत न बोलावता पाच जण चढून बसले. दारं लागेनात, तशी ती बाहेरून दाबून लावली. पंकजचा चेहरा उतरला. "बाबाजी, कंपनीले समजलं तं माही नोकरी जाईन."

"जाऊ दे. धानाच्या रोवणीले मानसं पाहिजेतच," मामाजी म्हणाले.

पंकजने लहान गाडी पळवायला चक्क नकार दिला. तेव्हा सुनंदा पुढे झाली. तिचा हात भावाच्या ट्रॅक्टरवर बसलेला. ती मुकाट्याने सीट पुढे ओढून बसली आणि खिडकीतून मला म्हणाली, "हे वरून हिरवं दिसून राह्यलं, पन खाली ओलं हाय. तीन दिस पानी झालं. हळू घ्या, दाबू नोका."

"अगं, बावीसशे सीसी आहे! टॉर्क आहे टॉर्क!" मी म्हणालो.

मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा हवेत फेकला. "हाऽऽऽ!"

मी दाबलं! गाडी उसळली. मागचे पाच जण एकदम ओरडले, "हुर्र हुर्र! चाल रे राजा!" माझ्या मागे बसलेल्या म्हाताऱ्याने तर भान हरपून माझा कान पिळला. (पटात बैलाची शेपटी पिळतात. शेपटी सापडली नसावी.) कळवळून मी आणखी दाबलं. गाडी पन्नास पावलं गेली, गुरगुरली आणि हळूच खाली बसली. मी दाबतोय, चाकं फिरतायत, गाडी जाग्यावर. मागे जे उडालं ते सगळं गाडीमागे धावत आलेल्या मामाजींच्या धोतरावर. आरशात पाहिलं तर फक्त त्यांचे डोळे ओळखू येत होते!

तिकडे सुनंदा दुसऱ्या गिअरमध्ये निवांत शेवटपर्यंत गेली, वळली, परत आली. माझ्याजवळ गाडी थांबवून काच खाली केली.

"का जी, टॉर्क कुठी गेला?"

"खाली," मी म्हणालो.

गाडी कशी निघाली ते विचारू नका. तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो. मामाजींची जोडी शेतातून बोलावली. दोर बांधला, आठ पोती उतरवली, पाच जण उतरवले, शेवटी मलाही उतरवलं. बैलांनी दोन हिसक्यांत गाडी कोरड्यावर आणली. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि मामाजी चिखलातून दात दाखवत हसत होते. "पाहा जवाईबुवा! अन् याईले डिझेल नाई लागत!"

सुनंदाने पंकजला हाक मारली. "भाऊ, लहान इंजिनवाली लिहून घ्या. आत्ताच."

"पण वजन सारखं नव्हतं," मी म्हणालो. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं.

पंकज खाली मान घालून म्हणाला, "ताई, तिले आठ हप्ते वेटिंग हाय. मोठीले दहा."

"अन् मार्चमधी?"

पंकज माझ्याकडे न बघता म्हणाला, "मार्चमधी दोनी दारात उभ्या होत्या."

सुनंदा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बांधावर जाऊन बसली. तिथूनच म्हणाली, "म्हंजे मले बसनंच जा लागन."

माझी मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. तिच्याजवळ जाऊन बसलो. तीन महिने सगळ्या जगाशी टॉर्कवर बोललो होतो, खरी गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. तिलासुद्धा.

"मले भेव लागते," मी म्हणालो. "लहान घेतली अन् तू एकटी रस्त्यात अडकली तं? मोठी घेतली अन् तुले ते आवरलीच नाई तं? कोनतं बी इंजिन घेतलं तरी त्या रस्त्यावर तू एकटीच."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "अडकली तं उतरून ढकलीन! तिथी मानसं राह्यत नाईत का? तुमाले इथी बैलाईनं काढलं, मले तिथी कोनी नाई काढनार?" मग पदराने माझ्या गालावरचा चिखल पुसला. "मेल्याईनं कान किती लाल केला!"

ती उठली आणि लहान गाडीकडे गेली. चाकापासून टपापर्यंत शिंतोडे. तिने पंकजला विचारलं, "हे विकत नाई का तुमी?"

"हे डेमो गाडी हाय ताई. लोकाईले चालवून दाखवाची. विकतो, कमी भावात, पन साल झाल्यावर. साहेबाले इचारा लागन." त्याने फोन लावला. सगळी हकीकत सांगायला त्याला पाच मिनिटं लागली, उत्तराला पाव मिनिटही लागलं नाही. "देऊन टाक!" असं पलीकडून ओरडलेलं मला चार हातांवर स्पष्ट ऐकू आलं. पाठोपाठ आणखी काहीतरी बोलणं झालं. पंकजने ते फार सभ्यपणे कळवलं. "साहेब म्हनतात, सरांनी त्रास घेऊन शोरूममधी येऊ नये. कागदं आमीच घरी आनून देऊ."

आठवड्यात गाडी धुऊन, पुसून, कागदांसकट दारात आली. सुनंदाने नारळ फोडला, आत बसली आणि समोरचा आकडा बघून चमकली. "एवढे किलोमीटर? कोनं चालवली बावा हे एवढी?"

पंकज आकाशाकडे पाहायला लागला. मी नारळाचे तुकडे वेचायला लागलो.

एक जुलैला पहाटेच ती निघाली. तिने सीट ओढली, पदर खोचला आणि मागे वळूनही न बघता गेली. मी कॉलेजात चार तास घेतले, काय शिकवलं ते देवाला ठाऊक. दर दहा मिनिटांनी फोन काढून बघत होतो. दुपारी एकदाची रिंग आली.

"सकाळीच पोचली, रेंज आत्ता भेटली. पुलावर पानी नव्हतं, रस्ता चालू होता. दवाखान्याचं दार मीच उघडलं, एवढ्या टायमावर पोचली!"

मला भर स्टाफरूममध्ये हुंदका आला. तो दाबायला मी घाईघाईने विचारलं, "अन् गाडी? चढावर ओढली का? इंजिन कमी पडलं का?"

"इंजिन एकदम बरोबर हाय," सुनंदा म्हणाली. "फक्त त्या मागच्या मालकानं क्लच लई घासून ठेवला, बाप्पा! कोन होता कोन जाने. एक पैसा न देता तीन महिने फिरवली म्हनतात त्यानं!"

नवी गाडी विकत घ्यायच्या आधीच तिला स्वतःच्या हाताने जुनी करून ठेवणारा चामोर्शी तालुक्यातला मी पहिलाच ग्राहक असेन.