छोट्या दुर्बिणीचं झाकण

गल्लीत त्याचं लॉन्ड्रीचं दुकान होतं, पण आकाश बघायच्या वेडापायी लोक त्याला हाक मारायचे ते ‘ग्रहण’ म्हणूनच. कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारायचं, "काय ग्रहण, धूमकेतूच्या नादात माझा शर्ट नाही ना जाळलास?" तो हसून सोडून द्यायचा. आकाशात काही घडणार असलं की हीच मंडळी त्याच्या गच्चीवर गर्दी करायची, हे त्याला ठाऊक होतं.

त्या दुपारी सूर्यग्रहण होतं. त्यानं दुर्बीण लावली होती ती डोळा लावून बघायला नव्हे. तिच्यातून येणारा सूर्य त्यानं मागे ताणलेल्या पांढऱ्या चादरीवर पाडला होता. ताटाएवढा सूर्य, कडेचा लचका तोडल्यासारखा. "दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, कुणीही नाही," हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगून झालं होतं.

त्याच्या ताईचा नवरा बसचा ड्रायव्हर, भारी गमत्या माणूस. "चादरीवर काय दाखवतोस रे?" ते म्हणाले. "नवरीला पडद्याआड बसवून नुसती सावली दाखवल्यासारखं!"

"दाजी, सावलीवरच भागवा," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

तेवढ्यात शेजारीण खालून ओरडली, "अहो, तुमच्या दुकानातून धूर येतोय!" इस्त्री टेबलावर तशीच राहिली होती. त्यानं घाईघाईनं दुर्बिणीच्या मोठ्या नळीवर झाकण बसवलं आणि धाडधाड जिना उतरला. टेबलावरचं कांबळं जळलं होतं, एवढंच. पाणी मारून वर आला, तर दाजी दुर्बिणीवर वाकलेले. मोठीच्या अंगाला नेम धरण्यासाठी एक छोटी दुर्बीण जोडलेली होती. तिच्यावर झाकण नव्हतं.

"दाजी!"

"अरे, घाबरतोस काय? क्षणभर बघितलं. चुरचुरलंसुद्धा नाही."

संध्याकाळी जेवताना दाजींना ताईच्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग दिसायला लागला. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध भाजला होता. डॉक्टर म्हणाले, "थोडंफार सुधारेल. पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही." बसचं स्टेअरिंग सुटलं ते सुटलंच. डेपोनं त्यांना तिकिटाच्या खिडकीत बसवलं.

लोक त्याची समजूत घालायचे. "तू बजावलं होतंस की. कळत्या माणसाला काय दोरीनं बांधून ठेवायचं?" त्याला ते ऐकवायचं नाही. आता कुणी त्याला ग्रहण म्हणत नव्हतं, त्याचंच त्याला जास्त लागायचं.

एकदा तो ताईकडे गेला. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती.

"तू त्यांना सांगितलं होतंस, ते माहीत आहे मला," ती वळून न बघता म्हणाली. "एकच सांग. ती छोटी नळी उघडी कशी राहिली?"

धूर, धावपळ, सगळं जिभेवर आलं होतं. "लक्षातच आली नाही गं," तो म्हणाला.

"बरं."

ती चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही. दाजींच्या गणवेशाला इस्त्रीही घरीच करू लागली.

पुढच्या वर्षी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला धूमकेतू दिसू लागला. दुर्बीण कपाटावर पडून होती. दाजी आपणहून आले, ताईला घेऊन.

"काढ ती बाहेर."

"नको दाजी. हात धजत नाही."

"डावा शाबूत आहे की माझा! काढ."

ताई दुकानाच्या दारातच थांबली. वर त्यानं दुर्बीण लावली. दाजी किती तरी वेळ डावा डोळा लावून उभे राहिले, मग हळूच म्हणाले, "शेपूट दिसतंय रे. पुसट आहे, पण दिसतंय." त्यांनी कठड्यावरून ताईला हाक मारली. "ये गं वर!"

"मला नको. तुम्ही बघा."

दोघे उतरायला लागले तेव्हा अंधारून आलं होतं. ताई जिन्याच्या तळाशी येऊन उभी राहिली.

"आधी दिवा लाव," ती भावाला म्हणाली. "पायरीचा अंदाज येत नाही ह्यांना."

त्यानं चाचपडत बटण शोधलं आणि दिवा लावला.