चिंचेने घासलेल्या तबकड्या

पूजेची उपकरणी घासण्याचे काम आमच्या घरी मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. ताम्हन, पळी, पंचपात्र, निरांजन, समई. आधी चिंचेचा कोळ, मग चाळलेली राख आणि शेवटी कोरड्या धोतराच्या तुकड्याने ओढता हात. मुंज झाल्यावर वडिलांनी हे शिकवले आणि पुढे पाठशाळेत त्याला शिस्त लागली. भांडे काळे राहिले तर पूजाच काळी राहिली, असे त्या पिढीचे मत होते आणि माझेही आहे. हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण पुढे जे झाले ते अज्ञानाने झाले, आळसाने नव्हे. आळस केला असता तर बरे झाले असते.

माझी थोरली बहीण, अक्का, हट्टा गावी दिलेली. भावजी तिथल्या मंदिरात पूजेला होते. त्यांचा कंठ असा की स्तोत्राचा एकेक शब्द वेगळा ठेवल्यासारखा ऐकू येई. मी हिंगोलीत शाळेत संस्कृत शिकवीत असे, आणि निवृत्तीच्या आसपास मला संगणकाचा नाद लागला. घरात एक संगणक आणला, त्याला ध्वनिग्राहक जोडला, आणि भावजींचे सगळे पाठ ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा संकल्प केला. ते आणि अक्का आमच्याकडे मुक्कामाला येत. सकाळी स्नानसंध्या आटोपली की भावजी पाटावर बसत, मी खुर्चीत, आणि अक्का स्वयंपाकघरात.

भावजींना एक खोड होती. पाठ चालू असताना मध्येच थांबून ते घरातले काही बोलत. मला ते खटके. म्हणून रात्री मी ते मुद्रण पुन्हा ऐकून त्यातले खोकणे, बोलणे, भांड्यांचे आवाज कापून टाकी. संगणकात मी दोन कप्पे केले होते, एकाचे नाव 'अशुद्ध' आणि दुसऱ्याचे 'शुद्ध'. पहिल्यातले स्वच्छ झाले की दुसऱ्यात ठेवायचे आणि पहिल्यातले पुसून टाकायचे. हस्तलिखिताची शुद्ध प्रत झाली की कच्चा कागद कोणी जपत नाही, तसेच ते मला वाटले. मग 'शुद्ध' कप्प्यातले पाठ मी सीडीवर उतरवले. भावजी गेले तेव्हा त्यांतली एक सीडी मी अक्काला देऊ केली. तिने हात पुढे केला नाही. "आता मला ऐकवायचं न्हाई बापू. तुझ्यापशीच ठिव. लागंल तवा मागीन," एवढेच म्हणाली.

ठेव म्हणून मी त्या सीड्या देवघरात ठेवल्या. तिथेच माझे शहाणपण आड आले. खंडेनवमीला घरातली शस्त्रे आणि अवजारे पूजतात. शेतकरी नांगर पूजतो, दुकानदार तराजू पूजतो, मी संगणकाबरोबर भावजींच्या तबकड्या पूजू लागलो. कोणती बाजू वर ठेवावी हा प्रश्न आला. एका बाजूस अक्षरे होती, दुसरी आरशासारखी झळकत होती. जी झळकते तेच मुख, असे मी ठरवले आणि मुखावर गंध-कुंकू वाहिले. पुढच्या वर्षी ते वाळून बसलेले कुंकू निघेना, तेव्हा मी उपकरण्यांबरोबर तबकड्याही घेतल्या. चिंचेचा कोळ, राख आणि ओढता हात. त्यानंतर दरवर्षी नवरात्राच्या आधी तेच.

गेल्या पावसाळ्यानंतर अक्का कानाच्या डॉक्टरांना दाखवायला हिंगोलीला आली. मीच तिला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी सांगितले की उजवा कान गेल्यातच जमा आहे आणि डाव्याचाही फार काळ भरवसा धरता येणार नाही. यंत्र लावून पाहता येईल. घरी आल्यावर अक्काने पायांवर पाणी घेतले, पदराने तोंड पुसले आणि दिवाणावर बसून मला म्हणाली, "यंत्रातून समदे आवाज सारखेच येतात म्हणं. शेजारीण सांगत होती. ह्या कानात जीव हाय तवर मला त्यांचा आवाज एकदा ऐकीव."

मला बरे वाटले, हे लिहायला संकोच वाटतो. ठेव मागितली गेली होती आणि ती माझ्यापाशी स्वच्छ, पूजेत जपलेली होती. मी हात धुऊन देवघरातून तबकड्या आणल्या.

सूनबाई घरूनच लॅपटॉपवर नोकरी करते. तिच्या यंत्राला सीडी घालायची जागाच नव्हती. "बाबा, आता कोणत्याच लॅपटॉपला नसते," ती म्हणाली, आणि शेजारून सीडीचा एक जुना प्लेअर मागून आणला. त्यात पहिली तबकडी घातली. आतून घरघर आली, मग ठक्क असा आवाज, मग पुन्हा घरघर. दुसरी घातली. तेच. तिसरी घातल्यावर तर यंत्राने ती स्वतःच बाहेर ढकलली.

सूनबाईने तबकडी खिडकीपाशी नेऊन उजेडाला धरली. मग हळूच म्हणाली, "बाबा, ह्याला कशानं घासलंय?"

मी सांगितले.

तिने ओठ दाबून धरले. हसू नये म्हणून तिने किती प्रयत्न केला ते मला दिसत होते, आणि ती मोकळी हसली असती तर मला सोपे गेले असते. अक्काला शब्द नीट ऐकू आले नव्हते. तिने हात पुढे करून तबकडी घेतली, बोट त्यावरून फिरवले आणि मोठ्याने म्हणाली, "हे काय रं? ताम्हन घासल्यावानी घासलंय की!"

"आत्याबाई, चिंच आणि राख," सूनबाई तिच्या डाव्या कानापाशी वाकून म्हणाली.

"लिंबू लावायचं राहिलं का?" अक्का म्हणाली. दोघी हसल्या. मीही हसल्यासारखे केले. मग अक्काचे हसू ओसरले आणि ती तबकडी मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. माझ्या देवघराची घंटासुद्धा मला त्या क्षणी नजरेसमोर नको वाटली.

माळ्यावर जुना संगणक होता. 'शुद्ध' कप्पा त्यातही असणार, हे मला तेव्हा आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून आम्ही तो खाली काढला. त्याचा जाडजूड पडदा केव्हाच भंगारात गेला होता. सूनबाईने कपाटातून एक चपटा पडदा काढला, पण दोघांच्या वायरी एकमेकींना ओळखीनात. संगणकाच्या वायरीचे टोक निळे, रुंद आणि पिनांचे, पडद्याचे छिद्र बारीक, चपटे. ती स्कूटीवर जाऊन बाजारातून मधला जोड घेऊन आली. तोवर मी ब्रशने धूळ झाडत होतो, आणि अक्का शेजारी बसून मला सांगत होती, "हळू. घासू नको."

जोडले, कळ दाबली, तर पडद्यावर काहीच नाही. फक्त संगणकाच्या पेटीतून लांब पिप् पिप् असा आवाज. सूनबाईने मोबाइलवर शोधून पाहिले, पेटी उघडली, आतली एक हिरवी पट्टी खोबणीतून उपसली आणि तिच्या पिवळ्या काठावरून खोडरबर फिरवू लागली. मी घाबरून विचारले, "घासून चालेल का?" ती म्हणाली, "हे चालतं बाबा. ते चालत नाही." पट्टी पुन्हा बसवली. पडदा उजळला. पेटीतले घड्याळ केव्हाच मेले होते, म्हणून तारीख भलतीच दिसत होती, पण कप्पे जागच्या जागी होते.

मी 'शुद्ध' उघडले. अक्काच्या डाव्या कानावर हेडफोन बसवले आणि पहिला पाठ लावला. भावजींचा आवाज सुरू झाला असणार. मला तो ऐकू येत नव्हता, फक्त तिचा चेहरा दिसत होता. तिने हात जोडले. थोड्या वेळाने जोडलेले हात सुटले. मी दुसरा पाठ लावला, तिसरा लावला. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"देवळातलं हाय हे," ती म्हणाली. "हे तर समद्या गावानं ऐकलंय."

"पण आवाज त्यांचाच ना, अक्का?"

"त्यांचाच हाय. बराबर हाय. पर ते असे न थांबता कवा म्हणत होते? मधी मधी मला हाक मारत होते. तुझ्या इथं बसून बी मारत होते. ते कुठंय?"

मी म्हणालो, "ते मी काढून टाकले होते."

"काढलं म्हंजे कुठं ठिवलं?"

"कुठेच नाही. कापले म्हणजे गेलेच."

तिला ते पटेना. "आरं, गहू निवडले तरी खडे कुठंतरी पडतात. कोंडा काढला तर म्हशीपुढं जातो. काढलेलं असं कसं कुठंच न्हाई?"

आयुष्यभर मी शब्दांचे अर्थ सांगण्याचे काम केले. 'काढलेले' या साध्या शब्दाचा अर्थ ती मला विचारत होती. भावजींच्या पाठात मी दोष शोधीत होतो आणि त्या दोषांत माझ्या बहिणीचा संसार होता, एवढे मला कळले, आणि तेही तिने गहू आणि कोंडा म्हटल्यावर. सूनबाई चहाचे निमित्त करून आत गेली. मी पडद्याकडे तोंड करून बसलो, कारण अक्काकडे पाहण्याचे बळ नव्हते.

हाताला काही चाळा हवा म्हणून मी 'अशुद्ध' उघडला. तो रिकामा असणार हे ठाऊक होते. तो रिकामा नव्हता. आत एकच मुद्रण पडले होते, भावजींच्या शेवटच्या मुक्कामातले. त्यानंतर ते आजारी पडले, गेले, आणि ते स्वच्छ करायचे माझ्याकडून राहून गेले. पुढे मी ते पार विसरलो.

मी हेडफोन पुन्हा अक्काच्या कानावर ठेवले आणि ते लावले. पहिल्यांदा तिचा चेहरा आधीसारखाच होता. मग ती एकदम ताठ बसली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "जळत न्हाई हो! फोडणी हाय!"

सूनबाई कपबशी हातात घेऊनच बाहेर धावत आली. अक्काच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ती हसत होती. तिने हेडफोनची दुसरी वाटी ओढून माझ्या कानापाशी धरली. "तू बी ऐक. मागं घे जरा."

मी मागे घेतले आणि तिच्या डोक्याला डोके लावून ऐकू लागलो. भावजी स्तोत्र म्हणत होते. चरणाच्या मध्येच थांबले. "अगं, जळून राहिलं बघ काहीतरी." दुरून, भांड्यांच्या आवाजातून, अक्काचा तेव्हाचा आवाज: "जळत न्हाई, फोडणी हाय. तुमी तुमचं म्हणा." मग ध्वनिग्राहकाच्या अगदी जवळून आणखी एक आवाज आला. कोरडा, चढा, वर्गातल्या मुलाला उठवून उभे करावे तसा. "भावजी, हे सगळं मुद्रणात येतं. किती वेळा सांगायचं? पुन्हा आरंभापासून." तो माझा होता.

भावजी माझ्याहून वयाने मोठे, मानाने मोठे. मग ते हसून म्हणाले, "चुकलं, गुरुजी." आणि पहिल्या चरणापासून पुन्हा म्हणू लागले.

माझे कान तापले. त्या दिवशी त्यांना असे बोलल्याचे मला आठवतही नव्हते. जेवणाच्या वेळी मी त्यांच्या पानात तूप वाढले असेल, पुढचा पाठ ठरवला असेल. आणि त्यांचे ते 'चुकलं' इतकी वर्षे माळ्यावर, माझ्या घरात, माझ्याच डोक्यावर पडून होते.

अक्काने ते पुन्हा लावायला सांगितले, मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी ती फोडणीचे उत्तर देई आणि प्रत्येक वेळी माझा तो आवाज येई. शेवटी मला राहवेना. मी तिच्या कानापाशी म्हणालो, "अक्का, हे मोबाइलवर घालून देतो, हट्ट्याला घेऊन जा. फक्त माझं ते मधलं बोलणं तेवढं काढतो. एवढंसं आहे. कळणारही नाही."

तिने माझा हात माउसवरून उचलून बाजूला ठेवला.

"हात लावू नको आता कशाला," ती म्हणाली. "तू बोलला म्हणून तर ते हसले."

सूनबाईने ते मुद्रण जसेच्या तसे पेनड्राइव्हवर घेतले आणि अक्काच्या मोबाइलमध्ये उतरवून दिले. कोणते बटण दाबायचे ते तिने अक्काला दाखवले. अक्काने ते स्वतः दाबून पाहिले, आवाज पूर्ण मोठा केला, आणि साऱ्या खोलीला ऐकू गेले: पुन्हा आरंभापासून. मी उठून जाऊ शकलो असतो. सूनबाई माझ्याकडे पाहत होती, बहुधा मी जावे म्हणूनच. मी मान खाली घालून बसून राहिलो आणि भावजी चुकलं म्हणेपर्यंत ऐकले.