पाच वाजताची तपासणी

"तमाम गल्लीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतंय, की आज सायंकाळी ठीक पाच वाजता माझ्या तळपायांची जाहीर तपासणी होईल!"

ही घोषणा आमच्या शेजारचे काका रोज ओट्यावरून करायचे आणि मी बॅटरी घेऊन हजर व्हायचो. हसू नका, मंडळी. इथल्या एका चादरीच्या कारखान्यात काका जन्मभर माल तपासत आले होते, अजूनही जायचे. चादर उजेडात धरायची, बोट फिरवायचं आणि ओरडायचं, "पास!" नाहीतर "बाद!" आता त्यांच्याच तळपायांना काही कळेनासं झालं होतं. काकूंना मोतीबिंदू, म्हणून तपासनीस मी, शेजारचा शाळामास्तर.

"बोटांच्या मधी बगा की सर! दोष कोपऱ्यात लपतोय."

काकांना मधुमेह होताच. पण साखर आटोक्यात असूनही नसा का मरताहेत, ते कुणालाच सापडेना. सगळ्या तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, "कारण कळत नाही. पण जखम चिघळली तर पाय जाईल."

त्या दिवसापासून काकांच्या छातीत धडधड शिरली. घाम, थरथर. पंचाईत अशी, की साखर उतरली तरी तेच आणि घाबरलं तरी तेच! मग काकांनी साखर मोजायचं मीटर आणलं आणि कायदाच केला : "आधी मीटर, मग भीती."

एकदा मला त्यांच्या तळव्यात चक्क खिळा सापडला. चपलेतून आरपार! कारखान्यापासून घरापर्यंत काका तो घेऊन चालत आले होते. ते पांढरेफटक पडले. काकू साखरेचा डबा घेऊन धावल्या.

"थांब! आधी मीटर!"

बोट टोचलं. साखर ठीक.

"म्हंजे नुसती भीतीच हाय व्हय? मग बसू दे की तिला हितं शेजारी. च्या दे तिला बी. बिनसाखरेचा!"

जखम भरायला दोन महिने लागले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता घरी बसा." काका पांढरे मोजे आणि बंद बूट चढवून कारखान्यात निघाले.

"पांढऱ्यावर रगताचा ठिपका लगेच दिसतोय. आन् कारण सापडू दे न्हायतर न सापडू दे, दोन्ही पाय घेऊनच जाणार मी!"

गेल्या उन्हाळ्यात दुपारी जेवून काका आडवे झाले, ते उठलेच नाहीत. अंगणात सगळी गल्ली दाटली. मी पाया पडायला वाकलो. दोन्ही पाय शाबूत. हात आपोआप खिशात गेला आणि भर उजेडात मी बॅटरी लावली. उशाशी बसलेल्या काकू एकदम ओरडल्या,

"नीट बगा की सर, बोटांच्या मधी बी!"