पाटीवरची मोकळी जागा

शेजाऱ्यांच्या फाटकाला आज रंग दिला. टर्पेंटाइनचा उग्र वास खिडकीतून आत आला आणि मी मनाने थेट बाबांच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिले.

नाशिकच्या कोर्टासमोरच्या गल्लीत बाबांचं वकिलीचं ऑफिस होतं. त्या सकाळी पेंटर नव्या काळ्या पाटीवर त्यांचं नाव लिहीत होता.

"साहेब, नाव लय वर जातंय. खाली निम्मी पाटी मोकळी ऱ्हाईल."

"राहू द्या," बाबा म्हणाले.

मला लॉसाठी इथलं कॉलेज मिळालं होतं आणि लंडनचंही. घरात तोच एक विषय होता. बाबांचं म्हणणं एवढंच, "तुझं तू ठरव." तिथेच, पायरीवर उभ्या उभ्या, मी सांगून टाकलं, "बाबा, मी लंडनला जाते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "छान. थंडीचे कपडे घ्यायला हवेत." मग पेंटरकडे वळून म्हणाले, "हे पुसा. नाव मधोमध घ्या."

पेंटरने कुरकुरत टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. बाबांना कुठलीच गोष्ट पहिल्या झटक्यात पटायची नाही, म्हणून मला हसूच आलं.

पुढे मी तिकडचीच झाले. गेल्या महिन्यात बाबा गेले. ऑफिस रिकामं करताना पाटी मीच उतरवली. उन्हात तिरकी धरली, तर वरच्या बाजूला पुसलेल्या अक्षरांच्या कडा अजून दिसतात.

त्यांच्याखाली माझं नाव अगदी बरोबर बसलं असतं.