वानर, बेडूक आणि आमचे साडू

वानर आणि बेडूक यांची तुलना करण्यात माझ्या थोरल्या साडूंचा, म्हणजे नानांचा, हात धरणारा माणूस तापी आणि गिरणेच्या मध्ये सापडायचा नाही. पाचोऱ्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. पेपर कोणत्याही इयत्तेचा असो, ‘वानर व बेडूक यांतील फरक लिहा’ हा प्रश्न ठरलेला. एकदा त्यांच्या गळ्यात चित्रकलेचा तास पडला, तर तिथेही तोच! मुख्याध्यापकांनी हटकलं, तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, “वर्गमा दोन्ही शेतस.” केळीच्या बागेत वानरांची टोळी उतरली की सगळा गाव फटाके घेऊन धावायचा आणि नाना वही घेऊन. कोणतं पिल्लू कोणत्या मावशीच्या पोटाला चिकटलंय, याची त्यांना नोंद करायची असे. वानरीण आपलं पिल्लू बिनधास्त मावशीकडे सोपवते, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. मग बेडकीण. ती पाण्यात अंडी घालते आणि... माझ्यासमोर मात्र व्याख्यान इथेच थांबायचं. “चहा लिसात ना, भाऊ?” पुढचं वाक्य, म्हणजे ती मागे वळूनही बघत नाही, हे मला फार उशिरा दुसऱ्याकडून कळलं.

कारण आमची मुलगी आठ महिन्यांची असल्यापासून नाना आणि बायकोची थोरली बहीण अक्का यांच्याकडेच वाढली. आम्हा नवराबायकोच्या बदल्या कधी धुळ्याला, कधी नरडाण्याला. त्या दोघांना मूल नव्हतं. दहाव्या वर्षी आम्ही तिला धुळ्याला घेऊन आलो, तेव्हा नानांनी तिचं दप्तर स्वतः गाडीत ठेवलं आणि वानरांवर काहीतरी बोलत राहिले. मी ऐकलंसुद्धा नाही, याची मला आज लाज वाटते.

गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. कन्यादान नाना-अक्कांनी करावं, असं मी आणि बायकोने ठरवलं. नाना हटूनच बसले. “पोर तुमनी शे. पाटवर तुम्हीच बठा.” भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी नवरीच कडाडली, “नाना, तुम्ही बठतस का मी उठू?”

नाना बसले. हातावर पाणी सोडताना अक्कांनी त्यांचा हात खालून धरून ठेवला.

पाठवणी झाल्यावर मी त्यांना विचारलं, “नाना, वानराची मावशी पिल्लू परत देते ना?”

“देस ना,” ते म्हणाले. “पन देतांना तिले कसं वाटस, हाई मी कोठेच लिखेल वाचं नही.”